डाव्या कानाची साक्ष

माझ्या मुलीचा बाप मीच आहे, हे सरकारनं आता लेखी मान्य केलं आहे. (बायकोनं आधीपासूनच मान्य केलेलं होतं, पण ते तोंडी.)

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? प्रत्येक मुलीला बाप असतोच. असतो ना! पण तुम्हाला ते पद घरबसल्या, फुकटात मिळालं. मला ते भांडून मिळवावं लागलं, आणि ज्याच्याशी भांडावं लागलं तो माझा मेहुणा महादेव ऊर्फ म्हादबा आजही पाथर्डीच्या स्टँडवर उभा राहून ही गोष्ट त्याच्या पद्धतीनं सांगतो. त्याच्या पद्धतीत मी रडतो. मी रडलो नव्हतो! डोळ्यातून पाणी येणं आणि रडणं यात फरक आहे. म्हणून खरं काय ते मीच लिहून ठेवतो.

मी भाऊसाहेब, राहणार कोल्हार, धंदा जनावरांचा. वडलांनी माझ्यासाठी गोठा ठेवला होता. त्यात जनावर ठेवायचं मात्र ते विसरले. एका भाकड म्हशीपासून मी सुरुवात केली आणि आज बाजारात मी नुसता शिरलो तरी लोक गाईची किंमत सांगण्याआधी पाणी पिऊन घेतात. माझ्याशी सौदा केलेला माणूस घरी जाऊन बायकोशी भांडतो, अशी माझी ख्याती आहे. ती खरी आहे.

भांडणाचं मूळ माझ्या लग्नात आहे. माझी बायको सुनीता पाथर्डीच्या पलीकडची. तिला सख्खा भाऊ नाही. चुलत भाऊ म्हादबा. सख्खा नसला तरी सख्ख्यापेक्षा आगाऊ! वडापची जीप चालवतो आणि दहाच्या जीपमध्ये वीस माणसं बसवतो, त्यामुळे कुणालाही कुठंही दाबायची त्याला सवय. लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, नवरदेवानं त्याला काहीतरी द्यायचं, मग त्यानं कान सोडायचा, एवढा साधा विधी. म्हादबानं माझा डावा कान धरला.

"अंगठी!" तो म्हणाला.

"टॉवेल-टोपी," मी म्हणालो.

दुसरा एखादा नवरदेव घाबरून अंगठी कबूल करून बसला असता. पण पहिल्याच किमतीला 'हो' म्हणणं म्हणजे आमच्या धंद्यात अब्रू जाणं. मी त्याचा मोकळा हात माझ्या शेल्याखाली ओढून घेतला. आमच्या बाजारात किंमत तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात उपरण्याखाली, आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. म्हादबानं अख्खा पंजा दाबला. मी एक बोट दाबलं. त्यानं कान अर्धा वेढा फिरवला. मी तेच बोट पुन्हा दाबलं. त्यानं उरलेला अर्धा फिरवला! मांडवात बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. फोटोग्राफर खुर्चीवर चढला होता. तेवढ्यात भटजी ओरडले, "अहो, मला पुढचं लग्न गाठायचंय! सोडा त्यांना!"

म्हादबानं कान सोडला. सोडल्याबरोबर मी त्याच्या हातात टॉवेल-टोपी कोंबली आणि म्हणालो, "झाला सौदा!"

तेव्हापासून आमच्यात दोन पक्ष आहेत. म्हादबाचं म्हणणं, "कान म्या भटजीसाठी सोडला. अंगठी ऱ्हायलीच." माझं म्हणणं, "दावं हातातून सुटलं की जनावर घेणाऱ्याचं." अल्बम घरी आला तेव्हा त्यात तो फोटो होता. मी तो कात्रीनं कापला आणि पाणी तापवायच्या बंबात घातला. त्या दिवशी आंघोळीला पाणी फार छान तापलं होतं.

पुढं सुनीताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. मी बाजारात असताना तिकडं तिला अचानक कळा सुरू झाल्या आणि म्हादबानं तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. (दवाखान्याचं नाव सांगत नाही, सासुरवाडीला गेलो की अजून तिथूनच औषध घ्यावं लागतं.) मी पोचेपर्यंत मुलगी झाली होती आणि म्हादबा पेढे वाटत होता. तेही माझ्या नावानं, माझ्या खर्चानं. पुढं बारशाला मामाच्या मानाची कुंची आणताना त्यानं जन्मदाखल्याचं पाकीटही माझ्या हातात दिलं. म्हादबाच्या हातचं मी काही उघडून बघत नसतो. पाकीट तसंच पेटीत गेलं.

ते बाहेर आलं ईश्वरीला पहिलीत घालायच्या वेळेला. पोरगी हुशार. महिनाभर पाटीवर स्वतःचं पूर्ण नाव गिरवत होती: ईश्वरी, मग भाऊसाहेब, मग आडनाव. 'भाऊसाहेब' लिहिताना जीभ बाहेर काढायची, कारण नाव लांब. शाळेत बाईंनी पाकीट फोडलं, दाखला वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"मुलीचे वडील नाही आले?"

"आलेत की."

"कुठं आहेत?"

"तुमच्यासमोर काय म्हैस बसलीय का?"

"इथं वडिलांचं नाव महादेव आहे," बाई म्हणाल्या आणि पुढं माझ्या सासुरवाडीचं आडनाव वाचलं. "तुम्ही कोण?"

मी दाखला हिसकावून घेतला. आईचं नाव सुनीता. बापाचं नाव म्हादबा! मी तिथूनच त्याला फोन लावला.

"म्हादबा! दवाखान्यात पोरीच्या बापाचं नाव काय सांगितलंस?"

"बापाचं मला कुनी इचारलंच न्हाई, दाजी. 'पेशंटसंगं कोन?' म्हनले, म्या माजं नाव सांगितलं. जीप माजी, घाम माजा, मग नाव काय कलेक्टरचं सांगू?"

"आणि दाखल्यावर तुझं नाव आलं, ते वाचलं नाहीस?"

"वाचलं की! म्हनलं, मामाचं नाव घालत्यात वाटतं. बाळंतपन मामाच्या गावात, कुंची मामाची, तर नाव बी मामाचं असंल."

गोंधळ कुठं झाला तो मग उलगडला. सुनीताचं आधार कार्ड माहेरच्या नावाचं. सोबत आलेल्या बाप्याचं आडनाव तेच. लिहिणाऱ्यानं जोडी लावून टाकली!

"आधार बदलून आणा म्हणून मी कितीदा सांगितलं," सोबत आलेली सुनीता म्हणाली.

"दोनदा नेलं होतं तुला!"

"एकदा. दुसऱ्या वेळी रस्त्यात कुणाची तरी म्हैस दिसली म्हणून मधेच उतरलात."

(म्हैस चांगली होती.)

ईश्वरी बाकावर बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "पप्पा, मग पाटीवर मी मामाचं नाव लिहू?"

"अजिबात नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या वर्गातली पाढ्यांची घोकणी बंद पडली. बाई म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापर्यंत दुरुस्त दाखला आणा. नाहीतर मला दाखल्यावर आहे तेच नाव चढवावं लागेल."

म्हणजे माझी पोरगी शाळेत म्हादबाची होणार. सुटीत म्हादबा गावात येणार आणि मास्तर त्याला म्हणणार, 'या, ईश्वरीचे वडील!' मी त्या रात्री जेवलो नाही. (सुनीता म्हणते, जेवलात. थोडंसं.)

सकाळी आम्ही तिघं नगरमार्गे एसटीनं पाथर्डीकडं निघालो. जिथं जन्म तिथंच दुरुस्ती. नोंदणी कार्यालयातल्या मॅडम तरुण होत्या, शांत होत्या, आणि त्यांच्यावर आवाज चढवून काही उपयोग नव्हता. मी चढवून बघितला.

"लग्नाची नोंद?" त्यांनी विचारलं.

"अख्खं गाव जेवलं, मॅडम! आणखी नोंद कशाला?"

"रेशनकार्ड?"

"बायकोचं नाव अजून माहेरच्या कार्डावर आहे."

"म्हणजे कागदोपत्री या बाई अजून माहेरीच आहेत."

"पण महादेव हिचा भाऊ आहे! दोघांचं आडनाव एकच आहे, बघा की!"

"नवरा-बायकोचंही आडनाव एकच असतं," मॅडम म्हणाल्या. "शिवाय यांच्या आणि त्यांच्या वडलांची नावं वेगळी आहेत."

"चुलत भाऊ आहे!"

"मग तसं त्यांनी समक्ष येऊन सांगावं, की मी वडील नाही, मामा आहे. आणि तुमच्या लग्नाची आधी नोंद करू. त्याला लग्नातला फोटो द्या. चेहरे ओळखू आले पाहिजेत."

अल्बम मी सोबत आणलाच होता. इतका मूर्ख मी नाही! मॅडमनी पानं उलटायला सुरुवात केली. माझ्या आईनं हौसेनं एवढ्या दाट मुंडावळ्या बांधल्या होत्या की प्रत्येक फोटोत सुनीताच्या शेजारी माणूस उभा आहे की फुलांचं दुकान, ते कळत नव्हतं. एका फोटोत नाक दिसत होतं. तेही बहुधा भटजींचं.

"या मुंडावळ्यांच्या मागं कुणीही असू शकतं," मॅडम म्हणाल्या आणि एका पानावर थांबल्या. पानाच्या मधोमध चौकोनी भोक होतं. "इथला फोटो?"

मी छताकडं बघितलं.

"तो यांनी बंबात घातला," सुनीता म्हणाली.

"का?"

"त्यात माझा भाऊ यांचा कान पिळतोय."

मॅडम ताठ बसल्या. "अहो, मग तोच तर हवा! कान पिळतो तो नवरीचा भाऊ, ज्याचा पिळतात तो नवरदेव. एका फोटोत दोन्ही गोष्टी सिद्ध. त्याची दुसरी प्रत असेल ना कुणाकडं?"

होती. अख्ख्या पाथर्डी तालुक्याला माहीत होतं कुणाकडं होती.

म्हादबाच्या घरात शिरलं की समोर टीव्ही, टीव्हीच्या वर देव, आणि देवाच्या शेजारी मी. खिडकीएवढा मोठा करून, चौकट घालून! मुंडावळ्या बाजूला सरकलेल्या, कान म्हादबाच्या मुठीत, एक डोळा मिटलेला, ओठ गालापर्यंत गेलेला. देवाला घातलेल्या हाराचं एक टोक माझ्याही चौकटीवर टाकलेलं होतं.

"दावतो की फोटू," म्हादबा मांडी घालून म्हणाला. "येतो बी हापिसात. सांगतो बी. पर आदी आपला जुना हिशोब."

"अंगठी मिळणार नाही."

"अंगठी नकोच मला, दाजी. आता दिली तर लोक म्हनतील पोरीपायी दिली. माजी कानपिळी अर्धवट ऱ्हायलीय, ती पुरी करायचीय. चार लोकांत. हापिसात."

मी खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला. त्यानं पंजा दाबला. पाच पीळ! मी मूठ वळली. मूठ म्हणजे सौदा नाही. त्यानं चार बोटं दाबली. मी मूठ. तीन. मूठ. मग मी टॉवेल काढून घेतला, खांद्यावर टाकला आणि उठलो. बाजारात उठून चालू लागणं हीच खरी विद्या आहे. बसून राहिला तो संपला.

"राहू दे," मी म्हणालो. "दाखल्यावर तुझंच नाव राहू दे. बाप तू. उद्यापासून तिची शाळा तू बघ. दप्तर, गणवेश, सहल तू कर. पुढं कॉलेज तू कर. लग्न तुझ्या दारात. जावयाचा मान, दिवाळसण, धोंड्याच्या महिन्यातली चांदीची वाटी, सगळं बापानं करायचं. मी मोकळा!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि म्हादबाची बायको पिठाच्या हातानं बाहेर आली.

"आवो, काढा त्यो फोटू खिळ्यावरनं! आत्ताच्या आत्ता! आपल्याच दोन पोरी हायती, ही तिसरी कुटनं घेताय पदरात?"

म्हादबा मुकाट्यानं स्टुलावर चढला. फोटो मिळाला, साक्ष मिळाली, आणि माझ्या बाजूनं काय गेलं? काही नाही! असा सौदा मी आयुष्यात केला नव्हता. मी मिशीवर हात फिरवत मागं वळलो, तर दारात ईश्वरी उभी होती.

"तुम्ही मोकळे?" तिनं विचारलं.

"अगं, ते... सौदा होता तो. खोटं खोटं बोलायचं असतं."

"मी मामाची झाले?"

"नाही गं."

"मग म्हणालात कशाला?"

बाजारात गाईला नावं ठेवली तर गाय मनाला लावून घेत नाही. पोरीचं तसं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कार्यालयाकडं परत जाताना ती जीपमध्ये माझ्या शेजारी बसली नाही. पुढं मामाच्या शेजारी बसली आणि सगळ्या वाटेनं खिडकीबाहेर बघत राहिली. म्हादबा आरशातून माझ्याकडं बघायचा आणि हॉर्न वाजवायचा. रस्त्यावर समोर कुणीच नव्हतं.

कार्यालयात भरपूर गर्दी. म्हादबानं चौकट टेबलावर टेकवली आणि छाती पुढं काढून सांगितलं, "म्या मामा हाय, मॅडम. बाप म्या न्हाई. ह्ये बघा, कान म्याच पिळलाय."

मॅडमनी म्हादबाचा चेहरा ताडून पाहिला. तो जुळला. मग माझा. फोटोत मी वाळका, बिनमिशीचा, एक डोळा मिटलेला, तोंड वाकडं. समोर मी भरलेला, मिशीवाला, दोन्ही डोळे उघडे.

"हे तुम्हीच आहात?"

"मीच!"

"मला नाही वाटत. हा तर कुणीतरी भलताच माणूस आहे."

"मॅडम, सात-आठ वर्षांत माणूस अंगानं भरतो!"

"भरतो, पण तोंड सरळ होत नाही. सॉरी, ओळख पटत नाही."

रांगेतले लोक पुढं सरकून फोटो बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "ह्यो न्हवं त्यो. त्यो लई गरीब दिसतोय." दुसरा म्हणाला, "भाऊ असंल ह्याचा." मी काही बोलणार एवढ्यात माझं लक्ष ईश्वरीकडं गेलं. ती एकदा फोटोकडं बघत होती, एकदा माझ्याकडं, एकदा मामाकडं. तिचा चेहरा अगदी रडवेला झाला होता. तिलाही मी ओळखू येत नव्हतो!

मी खुर्ची ओढली, बसलो, आणि डावा कान पुढं केला.

"पीळ, म्हादबा."

म्हादबा दचकला. "किती?"

"मॅडमना ओळख पटेपर्यंत."

भाव न ठरवता मी आयुष्यात केलेला हा एकमेव व्यवहार. म्हादबानं दोन्ही हात पँटला पुसले, देवाचं नाव घेतलं आणि कान धरला. जीपचा गिअर अडकला की जसा टाकतात तसा टाकला! शिपायानं चौकट उचलून माझ्या डोक्याशेजारी धरली. मॅडम टेबलावरून वाकून इकडं-तिकडं बघू लागल्या.

"थोडं अजून," त्या म्हणाल्या. "डोळा अर्धवट उघडा आहे."

म्हादबानं अर्धा वेढा वाढवला.

"डोळा जुळला. आता ओठ... फोटोत डावीकडं जास्त आहे."

"आग आयोऽऽ!"

"आला! तोच चेहरा! हलू नका, तसेच धरा!" आणि त्यांनी मोबाईल काढून फोटो घेतला, फाईलला जोडायला. एक नीट आला नाही म्हणून दुसरा घेतला. रांगेतल्या म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्यांच्या वर ईश्वरीचा आवाज आला, "हे माझे पप्पा! आणि कान पिळतोय तो माझा मामा!" ती प्रत्येकाजवळ जाऊन फोटोकडं बोट दाखवत होती. "बघा ना, सेम!"

डोळ्यातून पाणी आलं ते त्याच वेळी. पीळ जबरदस्त होता, एवढंच त्याचं कारण.

म्हादबानं कान सोडला आणि सवयीनं हात पुढं केला. "दाजी, अंगठी?"

"टॉवेल-टोपी," मी म्हणालो.

भाव मी बदललेला नाही. बाहेरच्या दुकानातून टॉवेल-टोपी घेतली, तीही घासाघीस करून, आणि त्याच्या डोक्यावर टोपी मी स्वतः घातली. जाताना त्यानं चौकट पुन्हा जीपमध्ये ठेवली. "नवा फोटू बी मोटा करून घेतो," म्हणाला. "जुन्याच्या बाजूला लावतो. जोडी दिसंल."

दाखला आला. शाळेत नाव चढलं. ईश्वरीनं पाटीवर पूर्ण नाव लिहिलं आणि 'भाऊसाहेब' लिहिताना जीभ बाहेर काढली. आमच्या गावात अजून काही लोक मला विचारतात, 'काय भाऊसाहेब, शेवटी ठरलात का बाप?' त्यांना माझं एकच उत्तर आहे: तुमचं पितृत्व नुसत्या बोलण्यावर चाललंय, माझं सरकारी फाईलमध्ये दोन फोटोंसह आहे. शंका असेल त्यानं जाऊन बघावं.

त्यानंतर आम्हाला मुलगा झाला. त्या वेळी मी दवाखान्याच्या दारातच उभा होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला माझं पूर्ण नाव सांगत होतो. शेवटी त्यांनी मला बाहेर काढलं, पण नाव बरोबर लिहिलं. म्हादबानं फोन केला होता, "दाजी, जीप घिऊन येऊ का?" मी म्हणालो, "तू त्या दिवशी तालुक्याच्या हद्दीतसुद्धा थांबू नकोस!"

पोरगा आता उभं राहायला शिकतोय. आधाराला त्याला घरात दुसरं काही सापडत नाही. माझ्या मांडीवर चढतो, माझा डावा कान मुठीत धरतो आणि त्याला लोंबकळून उभा राहतो. सुनीता म्हणते, "अहो, सोडवा की त्याला!" मी सोडवत नाही. उद्या ईश्वरीच्या लग्नात नवरदेवाचा कान यालाच पिळायचाय, आणि जावई माझ्यासारखा चिकट निघाला तर? आत्तापासून सराव हवा. टॉवेल-टोपीवर आमच्या घरातला कुणी कान सोडता कामा नये!